नुकसान झालं, पण पावती कुठाय?

हरसूलच्या आठवडे बाजारात मिळणारी सुकट आणि बोंबील, एवढाच काय तो आमचा समुद्राशी संबंध. त्यामुळे परवा मित्रांनी प्रोजेक्टर लावून 'द ग्रेट इनव्हिजिबल' ही डॉक्युमेंटरी दाखवली, तेव्हा मागून एकाने विचारलंच, "अमेरिकेतल्या तेलगळतीचं आपल्याला काय?"

२० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' या तेलविहीर खोदणाऱ्या रिगवर स्फोट झाला. ११ कामगार गेले. समुद्रात ८७ दिवस तेल वाहत राहिलं. मार्गारेट ब्राऊन यांची २०१४ची ही फिल्म त्यातून वाचलेल्या कामगारांकडे जाते, तशीच कालवं सोलून पोट भरणाऱ्या किनाऱ्यावरच्या गावातही जाते. काम बुडालं, भरपाई जाहीर झाली. पण ती मिळवायची तर कमाईचा हिशेब कागदावर हवा. रोजच्या रोज कमावून खाणाऱ्याने तो आणायचा कुठून?

त्याच वर्षी ७ ऑगस्टला मुंबईजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' ही जहाजं धडकली. सुमारे ८०० टन तेल सांडलं. नारळी पौर्णिमा अवघ्या १७ दिवसांवर, म्हणजे ऐन हंगामाचं तोंड. लोक मासे घ्यायला घाबरू लागले. बोटीची निदान नोंदणी तरी असते. पाटी घेऊन दारोदार मासे विकणाऱ्या कोळणीच्या बुडालेल्या धंद्याची नोंद कुठे असणार?

आता ताजं उदाहरण बघा. २५ मे २०२५ रोजी केरळच्या किनाऱ्याजवळ 'एमएससी एल्सा-३' बुडालं. केरळ सरकारने हायकोर्टात ९,५३१ कोटींचा दावा लावला. त्यात मच्छीमारांच्या आर्थिक नुकसानीचे सुमारे ५२६ कोटी, म्हणजे शंभरातले साडेपाच रुपये. बाकी बहुतेक रक्कम पर्यावरणाच्या हानीची. ती मागायलाच हवी, वाद नाही. पण दावा कोर्टात चालतो वर्षानुवर्षं, आणि चूल रोज पेटवावी लागते. तातडीची मदत म्हणून मच्छीमार कुटुंबांना मिळाले हजार रुपये आणि सहा किलो तांदूळ.

फिल्म संपल्यावर सगळ्यात जास्त बोलला तो मघाचाच मित्र. त्याच्या आजोबांचा वनहक्काचा दावा 'पुरावा अपुरा' म्हणून परत आला होता. "तिकडंपण कागदच मागतात का?" तो म्हणाला. २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेलेल्या मोर्चात वनजमिनीच्या हक्काची मागणी होती, ती याच दुखण्यातून.

पण एक गोष्ट आपल्याकडे आहे, जी किनाऱ्यावर नाही. वनहक्क कायद्याच्या नियमांत गावातल्या जाणत्या म्हाताऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा धरला जातो. अंमलबजावणीत कितीही खोट असो, तत्त्व पक्कं आहे: कागद नसला तरी गावाला माहीत असतं. मग तेलगळतीच्या भरपाईतही कोळीवाड्याचा शब्द पुरावा का धरू नये? मासे कोण विकतं, सुकट कोण वाळवतं, हे तिथे कुणालाही विचारा.

पुढच्या बाजारात सुकट घेताना मी मावशींना विचारणार आहे, हा माल कुठल्या बंदरातून येतो? पावती नाहीच मिळणार. पण त्यांना नक्की माहीत असेल.