गुजराती लिपीतली आरती

गेल्या भाद्रपदात आम्ही सुरतजवळच्या इच्छापोर येथे एका परिचित कुटुंबाकडे गणपतीच्या दर्शनास गेलो होतो. घर मूळचे अमळनेरकडचे. आजोबा यंत्रमागावर आयुष्यभर राबले. मुलगा हजिऱ्याच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे फिटर आहे. आरतीची वेळ झाली. दहाबारा वर्षांचा नातू पुढे झाला आणि खणखणीत आवाजात ‘सुखकर्ता’ म्हणू लागला. उच्चार शुद्ध, चाल बिनचूक. आम्हांस समाधान वाटले. मग त्याच्या हातातील कागदाकडे लक्ष गेले. आरती मराठी होती, अक्षरे गुजराती होती. आजी ओशाळून म्हणाली, “त्याले मराठी वाचता येस नही, भाऊ. पन आरती पाठ शे.”

त्या एका वाक्यात सुरतेतील मराठी माणसाच्या तीन पिढ्यांचा इतिहास आहे. आजी अहिराणी बोलते, मुलगा मराठी आणि गुजराती दोन्ही बोलतो, नातू मराठी ऐकून समजतो, थोडी बोलतो, वाचू मात्र शकत नाही. चौथ्या पिढीत काय उरेल, याचे उत्तर त्या कागदावर लिहिलेले आहे.

सीमेच्या अलीकडील आपल्या वाचकांस सुरत म्हणजे कापडबाजार, फार तर शिवछत्रपतींच्या १६६४ आणि १६७०च्या स्वाऱ्या एवढेच आठवते. परंतु आजची मराठी सुरत त्या स्वाऱ्यांतून निर्माण झालेली नाही. ती तापीकाठच्या रेल्वेने आली. सुरत-उधन्याहून बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर असा जाणारा तो लोहमार्ग खानदेशच्या कोरडवाहू शेतकऱ्यास पोटाची वाट झाला. १९७२च्या दुष्काळाची आठवण सांगणारी माणसे आजही लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत भेटतात. पुढे १९८०च्या दशकापासून हजिऱ्यात वायू, खत आणि नंतर पोलादाचे कारखाने उभे राहू लागले, तेव्हा तापीपलीकडच्या इच्छापोरसारख्या गावांतही मराठी बिऱ्हाडे दिसू लागली. या समाजाने सुरतेस कारागीर दिले तसे लोकप्रतिनिधीही दिले. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले चंद्रकांत पाटील नवसारीतून लोकसभेवर वारंवार निवडून जातात आणि आज केंद्रात मंत्री आहेत. म्हणजे हा समाज दुबळा नाही, उपेक्षित म्हणावा असाही नाही. तरी त्याच्या नातवास मराठी वाचता येत नाही. म्हणून हा प्रश्न केवळ सत्तेचा नाही, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे.

गुजरातेतील मराठीचा विषय निघाला की आपण लगेच बडोद्याकडे वळतो. सयाजीराव महाराज, त्यांनी १९०६ साली संस्थानभर लागू केलेले सक्तीचे प्राथमिक शिक्षण, तेथे भरलेली साहित्य संमेलने, अगदी २०१८चे एक्याण्णवावे संमेलन, हे सारे अभिमानास्पद आहे. परंतु बडोद्याची मराठी दरबाराच्या आश्रयाने नांदली. तिला वाडे मिळाले, ग्रंथालये मिळाली, शिकलेला मध्यमवर्ग मिळाला. सुरतेच्या मराठीस बारा तासांची पाळी आणि दहा बाय दहाची खोली मिळाली. बडोद्याच्या मापाने सुरतेस मोजणे अन्यायाचे आहे. वारसा जपण्यासही फुरसत लागते, आणि फुरसत सर्वांस सारखी वाटलेली नसते.

मग कामकरी स्थलांतरितांच्या वंशजांनी भाषा टिकवावी कशी? हा प्रश्न जगात अनेकांस पडला आहे. १९५६च्या उठावानंतर हंगेरीतून सुमारे दोन लक्ष माणसे परागंदा झाली. त्यांतील हजारो अमेरिकेत पोहोचली. क्लीव्हलंडसारख्या औद्योगिक शहरांत त्यांच्या आधीच येऊन वसलेले हंगेरियन कामगार होतेच. या समाजाने चर्च, लोकनृत्ये, खाद्यपदार्थ सारे जपले. पण त्यातून भाषा आपोआप टिकली नाही. ती अधिक टिकली तेथे, जेथे शनिवारच्या शाळा आणि मुलांची बालवीर पथके प्रत्यक्ष हंगेरियन भाषेत चालली. तंबू ठोकणे, आगोटी पेटवणे, खेळ, हाका, भांडणे सारे त्याच भाषेत. तेथे भाषा पूजेत ठेवलेली मूर्ती नव्हती, हाताशी असलेले अवजार होते.

याच्या उलट उदाहरण आपल्याच माणसांचे आहे. मॉरिशसमध्ये एकोणिसाव्या शतकात गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज आजही गणेश चतुर्थी थाटाने साजरी करतात. तेथे त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. शाळांतून मराठी शिकण्याची सोयही आहे. परंतु घराघरांत बोलणे प्रामुख्याने क्रिओलमध्ये चालते. सण राहिला, भाषा देव्हाऱ्यात गेली. इच्छापोरचा तो कागद याच वाटेवरचा पहिला मैलाचा दगड आहे.

आता कायद्याकडे वळू. आमचा व्यवसाय वकिलीचा असल्याने येथे थोडे सविस्तर लिहिणे आमचे कर्तव्य आहे. संविधानाच्या अनुच्छेद २९ने स्वतंत्र भाषा, लिपी वा संस्कृती असलेल्या नागरिकांच्या कोणत्याही गटास ती जतन करण्याचा हक्क दिला आहे. या अनुच्छेदात ‘लिपी’ हा शब्द स्वतंत्रपणे आला आहे, हे विसरू नये. अनुच्छेद ३०ने भाषिक अल्पसंख्याकांस स्वतःच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क दिला. अल्पसंख्याक कोण हे राज्य हा घटक धरून ठरवावे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने २००२ साली टी. एम. ए. पै प्रकरणात सांगितले. म्हणून महाराष्ट्रात बहुसंख्य असलेला मराठी माणूस उच्छलमध्ये पाऊल टाकताच भाषिक अल्पसंख्याक होतो. १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५०क प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न राज्यावर आणि स्थानिक संस्थांवर सोपवतो. किती मुले असल्यास ही सोय करावी, याचेही माप १९४९च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेपासून रूढ आहे: संपूर्ण शाळेत चाळीस किंवा एका वर्गात दहा.

सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजराती, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू, इंग्रजी यांच्यासह मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते. देशात इतक्या माध्यमांच्या शाळा चालवणाऱ्या नगरपालिका हाताच्या बोटांवर मोजाव्यात. याबद्दल सुरतेचे मनःपूर्वक आभार मानले पाहिजेत. अडचण आहे ती अंतराची आणि संख्येची. लिंबायतेत मराठी वस्ती दाट आहे. इच्छापोरसारख्या कडेच्या वस्तीत ती विखुरलेली आहे. तेथे एका वर्गात दहा मुले एकत्र आणायची तर प्रथम ती कोणत्या घरांत आहेत हे कोणीतरी दारोदार फिरून मोजले पाहिजे. सरकार स्वतःहून मोजत नसते. मागणाऱ्याने यादी घेऊन दारी जावे लागते.

काही मंडळी म्हणतील, गुजरात सरकारने २०२३च्या कायद्याने पहिली ते आठवी गुजराती सक्तीची केली, हाच मराठीवरचा घाला आहे. आम्हांस हे मान्य नाही. असाच कायदा महाराष्ट्राने २०२० साली मराठीसाठी केला आहे. त्याही आधी, महाराष्ट्रातील गुजराती भाषिक अल्पसंख्याकांच्या इंग्रजी शाळांना मराठीची सक्ती नको होती, तेव्हा २००४ साली उषा मेहता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्या बाजूने कौल दिला. मुंबईत जे न्याय्य, ते सुरतेत अन्याय्य कसे ठरेल? इच्छापोरच्या मुलाने गुजराती उत्तम शिकावी. ती त्याच्या मित्रांची, बाजाराची आणि पोटाची भाषा आहे. आमचे म्हणणे एवढेच की गुजराती शिकण्यासाठी मराठी विसरावी लागत नाही.

येथे एक जुना खटला आठवतो. मुधोळकर नावाच्या एका मराठी गृहस्थांचा मुलगा १९६० साली मराठी माध्यमातून शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन अहमदाबादच्या महाविद्यालयात गेला. पुढील वर्गात इंग्रजी माध्यमातून शिकण्यास त्यास विद्यापीठाच्या नियमांनी आडकाठी केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६२ साली बहुमताने निर्णय झाला की एकच माध्यम लादण्याचा अधिकार त्या विद्यापीठास कायद्याने दिलेला नाही. या निर्णयाचा आम्ही अभिमानाने उल्लेख करतो, पण त्यातील एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतो. त्या मुलास मराठी माध्यम नको होते, इंग्रजी हवे होते. साठ वर्षांपूर्वीही मराठी आईबापांची निवड तीच होती. २०१४ साली कर्नाटकाच्या प्रकरणात न्यायालयाने माध्यमाची निवड पालकांची असल्याचे स्पष्टच सांगितले. म्हणजे हक्क आमच्याकडे आहे. तो वापरायचा की नाही, हेही आमच्याकडेच आहे. कायदा दार उघडून देतो, उंबरठा ओलांडून देत नाही.

आता सर्वांत अवघड मुद्दा. इच्छापोरच्या त्या घरात मातृभाषा कोणती? आपण चटकन मराठी म्हणतो. पण आजी बोलते ती अहिराणी. ग्रियर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणात खानदेशीस मराठीच्या खंडात न ठेवता भिली भाषांच्या सोबत ठेवले. जनगणनेतही खानदेशी वेगळी मोजली जाते. २०११ साली ती सांगणारे अठरा लाखांहून अधिक होते. शाळेत प्रमाण मराठी शिकवणारे गुरुजी या मुलास ‘शे’ म्हटल्याबद्दल दटावतात, आणि बाहेर गुजराती मुले त्याच्या मराठीस हसतात. एकाच मुलास दोनदा लाजवले जाते. ज्या भाषेची लाज आपणच वाटायला लावली, ती त्याने जपावी अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? खानदेशच्याच मातीतल्या बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली. बहिणाबाईंच्या बोलीचा गौरव आणि इच्छापोरच्या आजीच्या बोलीची लाज, हा दुटप्पीपणा आता पुरे.

पुढील जनगणना १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक धरून होणार आहे. काही कार्यकर्ते सांगत आहेत की संख्या वाढावी म्हणून सर्वांनी मातृभाषा ‘मराठी’च लिहावी. आमचे मत निराळे आहे. मातृभाषेच्या प्रश्नास खरे उत्तर द्यावे. अहिराणी बोलत असाल तर अहिराणी सांगावी, आणि येणाऱ्या इतर भाषांच्या रकान्यात मराठी न चुकता नोंदवावी. मराठी बोलत असाल तर मराठी सांगावी. मात्र गुजराती शेजारी काय म्हणतील या भिडेने ‘गुजराती’ वा ‘हिंदी’ कोणीही सांगू नये. प्रगणक घाईत असतो; त्याने काय लिहिले ते विचारून घ्यावे. खोट्या आकड्यांवर उभी केलेली मागणी पहिल्याच उलटतपासणीत कोसळते, हा आमचा तीस वर्षांचा अनुभव आहे.

“भाकरी गुजरातीत मिळते, मग हा खटाटोप कशाला?” असे त्या फिटर गृहस्थांनी आम्हांस सरळ विचारले. प्रश्न प्रामाणिक होता. आम्ही त्यांस संस्कृतीवर व्याख्यान दिले नाही. एवढेच विचारले, की अमळनेरची जमीन अजून तुमच्या नावावर आहे ना? सातबारा कोणत्या भाषेत येतो? ते थांबले. वाटणीपत्र, वारसनोंद, तलाठ्याची नोटीस ही सारी कागदपत्रे मराठीत येतात. ज्या मुलास ती वाचता येत नाहीत, तो वाडवडिलांच्या जमिनीबाबत दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहतो. अशा पाहण्यातून उपटलेले दावे आम्ही न्यायालयात चालवले आहेत. आणि त्याहून मोठे नुकसान कागदावर येत नाही: आजी त्याच्याशी जे बोलते, त्यातले निम्मे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

उपाय मोठे नाहीत. देवनागरी तर त्या मुलास हिंदीच्या तासाला येतेच. अक्षरे परकी नाहीत, फक्त त्या अक्षरांत मराठी असते हे त्यास कोणी दाखवलेले नाही. गणेश मंडळाने वर्गणीतून थोडी रक्कम काढून आठवड्यातून दोन संध्याकाळी वाचनाचा वर्ग चालवावा. त्यात धडे कमी आणि कामे जास्त असावीत: मंडळाचा हिशेब, गावाकडे पाठवायचे पत्र, क्रिकेटच्या संघाची यादी, आजीने सांगितलेली गोष्ट तिच्याच बोलीत उतरवणे. जेथे दहा मुले भरतील, तेथे नावानिशी यादी करून नगर प्राथमिक शिक्षण समितीकडे किंवा तालुका शिक्षणाधिकाऱ्याकडे अनुच्छेद ३५०कचा उल्लेख करून लेखी अर्ज द्यावा आणि पोचपावती घ्यावी. दाद न लागल्यास अनुच्छेद ३५०ख खालील भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे तक्रार करता येते. अर्जाचा मसुदा कोणासही हवा असल्यास आम्ही विनामूल्य करून देऊ.

नवापूरच्या रेल्वेस्थानकात एक बाकडे आहे. त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. तिकीटखिडकी इकडे, स्थानकप्रमुखाची कचेरी तिकडे, आणि गाडी दोन्हीकडच्यांस सारखीच घेऊन जाते. १ मे १९६०ने आपली राज्ये वेगळी केली. त्या बाकड्यावर बसणाऱ्या माणसास कोणत्याही एका बाजूस सरकण्याची सक्ती कोणी केलेली नाही. इच्छापोरच्या नातवानेही तसेच ऐसपैस बसावे. येत्या गणपतीस आम्ही पुन्हा त्या घरी जाणार आहोत. जाताना देवनागरीत छापलेली आरतीची पुस्तिका नेऊ, आणि तिच्यासोबत एक कोरी वही, आजीच्या गोष्टींसाठी.