धुके दर्याचे नव्हे, जमिनीचे

थंडी पडू लागली की आपल्या किनाऱ्यावर एक वाक्य हमखास कानी येतं : 'दर्यावरून धुकं आलं.' बागायतदार म्हणतो, तांडेल म्हणतो, पहाटेच्या एस.टी.चा ड्रायव्हरही म्हणतो. आणि एकदा दर्यावरून आलं म्हटलं की पुढचा विचारच खुंटतो. दर्यावर कोणाची सत्ता चालणार? वस्तुस्थिती अशी आहे की रत्नागिरी जिल्ह्यात डिसेंबर ते फेब्रुवारीत पडणारं बहुतेक धुकं दर्यावर जन्मतच नाही. ते आपल्या मळ्यात, आपल्या परसात, आपल्या खाडीकाठी तयार होतं आणि मग दर्याकडे जातं. ही शब्दांची चिरफाड नव्हे. पहाटे खाडी ओलांडणाऱ्या माणसांच्या जिवाचा प्रश्न त्यात आहे.

खरं समुद्री धुकं कसं होतं ते आधी पाहू. उबदार, दमट हवा थंड पाण्यावर सरकली की ती खालून गार होते. तिच्यातली वाफ हवेत मावेनाशी होते आणि तिचे बारीक थेंब बनतात. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाजवळ लॅब्राडोरचा थंड प्रवाह आणि गल्फ स्ट्रीमचा उबदार प्रवाह एकमेकांना भेटतात, म्हणून तिथे ऐन उन्हाळ्यात दिवसच्या दिवस धुकं बसून राहतं. आपला अरबी समुद्र थंडीतही २६ ते २८ अंशांच्या आसपास असतो आणि दापोली-चिपळूणकडे पहाटेचा पारा मात्र १५ च्या आसपास उतरतो. कोमट पाणी हवेला गार कसं करणार? म्हणजे हवा गार होते ती जमिनीवर.

आभाळ निरभ्र असलं की रात्रभर जमीन आपली उष्णता वर सोडून देते. तिला चिकटलेली हवा गार होते, जड होते आणि उतार धरून खाली वाहते. आपला मुलूख सडे आणि दऱ्यांचा. सड्यावरची गार हवा वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी यांच्या खोऱ्यांत येऊन साचते. तिथे खाडीचं पाणी त्या हवेपेक्षा कोमट. त्याची वाफ त्या गार हवेत शिरते आणि धुकं आणखी दाट होतं. सड्यावर सकाळी लख्ख ऊन आणि खाली दुधासारखी पांढरी खाडी, हे दृश्य आपल्याला नवं नाही. पहाटेचा मतलई वारा हेच धुकं खाडीच्या मुखाकडे ढकलतो. मुखाबाहेरच्या होडीवाल्याला ते समुद्रावर दिसतं, म्हणून तो त्याला दर्याचं म्हणतो.

जमिनीचं धुकं म्हटल्यावर त्याचा अंदाज जमिनीवरूनच करता येतो. सूर्य बुडताच वारा पडला, तारे स्वच्छ दिसू लागले, चुलीचा धूर वर न जाता मळ्यावर आडवा पसरून राहिला आणि रात्री दहाच्या आत गवत ओलं झालं, तर पहाटे धुकं येणार असं समजून चाला. अवेळी पाऊस पडून लगेच आभाळ मोकळं झालं असेल तर जास्तच. ढग असले किंवा वारा चालू राहिला तर सहसा चिंता नाही.

आता धुराचं. धुकं म्हणजे पाणी किती? साधारण धुक्यात एका घनमीटर हवेत एक दशांश ग्रॅम. दहा फूट लांब, रुंद आणि उंच खोली धुक्याने भरली तरी त्यात तीन ग्रॅम पाणी नाही, चहाचा चमचाही भरायचा नाही! नजर अडते ती पाणी किती यापेक्षा ते किती तुकड्यांत वाटलंय यावर. थेंब तयार व्हायला आधाराला एखादा कण लागतो आणि धुरात असे कण असंख्य. कण जास्त तर थेंब जास्त आणि बारीक. तेवढ्याच पाण्याचे थेंब निम्म्या आकाराचे झाले तर दिसण्याचं अंतरही निम्मं होतं, अडीचशे मीटरवरून सव्वाशेवर येतं. संध्याकाळी बागेत पालापाचोळा पेटवून 'धुकं हटवणारे' बागायतदार प्रत्यक्षात पहाटेचं धुकं दाट करत असतात. सड्यावरच्या वणव्यांचंही तेच. खाडीकाठच्या वाड्यांनी थंडीत संध्याकाळनंतर पाला जाळणं बंद करावं. तो पाला आळ्यात पसरा. आंब्याला त्याचाच जास्त उपयोग.

मोहोराबद्दल दोन शब्द. धुक्याने मोहोर 'जळत' नाही. तो तासन् तास ओला राहतो आणि करप्याची बुरशी त्याच ओलीत शिरते. भुरीला गार, दमट हवाच पुरते. ओल्या मोहोरावर फवारा मारू नका, औषध पातळ होऊन ओघळतं. ऊन येऊन मोहोर सुकू द्या.

पण जास्त काळजी आहे ती होड्यांची. धुकं काळ्या कातळाला झाकत नाही. आपल्या आणि कातळाच्या मधले थेंब आभाळाचा उजेड आपल्या डोळ्यांत उडवतात आणि त्या पांढऱ्या पडद्यात कातळ विरून जातो. गाडीचा वरचा दिवा लावला की पुढे पांढरी भिंत उभी राहते ती याचमुळे. दिवा खालीच ठेवा. सहा नॉटने जाणारी होडी सेकंदाला तीन मीटर कापते. शंभर मीटर दिसत असेल आणि समोरून तशीच होडी येत असेल, तर हाती राहतात सोळा सेकंद. यंत्रं आहेत म्हणून गाफील राहू नये. २५ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेच्या नँटकेट बेटाजवळ 'आंद्रेआ डोरिया' आणि 'स्टॉकहोम' ही जहाजं धुक्यात आदळली, दोघांकडे रडार असताना. ५१ माणसं गेली.

समुद्रावर टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत धुक्यासाठी सुरक्षित वेग आणि भोंगा दोन्ही सांगितलेत. मासेमारी करणाऱ्या बोटीने दोन मिनिटांच्या आत एक लांब आणि दोन आखूड भोंगे द्यायचे. बारा मीटरपेक्षा लहान होडीला याच भोंग्याची सक्ती नाही, पण दोन मिनिटांच्या आत लांबवर ऐकू जाईल असा काहीतरी आवाज तिनेही केलाच पाहिजे. घंटा चालेल, पत्र्याचा डबा चालेल. किती होड्यांवर हे होतं, तांडेलांनीच सांगावं.

आणि 'आज दाट आहे, जरा थांबू' की 'दिसतंय, सोडा' हे एकाच्या नजरेवर सोडणं थांबायला हवं. एक किलोमीटरच्या आत दिसेनासं झालं की हवामान खातं त्याला धुकं म्हणतं, २०० मीटरच्या आत दाट धुकं. मग प्रत्येक जेटीवरून दोनशे आणि पाचशे मीटरवर, काठाकाठाने, काळा-पांढरा रंग दिलेला एकेक खांब का नसावा? दोनशेचा खांब दिसेना तर फेरीबोट आणि होडी सुटणार नाही, पाचशेचा दिसेना तर हळू आणि भोंगा देत. ग्रामपंचायत आणि मच्छीमार सोसायटी मिळून हे करू शकतात. खर्च दोन खांब आणि डबाभर रंगाचा. पाऊस संपून काठचा चिखल वाळला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात खांब रोवता येतील, डिसेंबरच्या पहिल्या धुक्याआधी.