यादीतली नावे आणि पुरावा

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपले. पुढे १८९१ मध्ये तिथल्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात एका माजी सैनिकाचे पत्र छापून आले. दीड वर्ष आघाडीवर काढले, पण गणवेशातला एकही ज्यू भेटल्याचे आठवत नाही, असा त्याचा मथितार्थ. आठवण एका माणसाची. डाग मात्र अख्ख्या समाजावर!

याला उत्तर दिले वॉशिंग्टनचे वकील सायमन वुल्फ यांनी. त्यांनी संतापाचा लेख लिहून भागवले नाही, तर नावे गोळा केली. १८९५ साली ग्रंथ निघाला, त्यात दोन्ही बाजूंच्या सुमारे ८,००० ज्यू सैनिकांची यादी. आरोपाला पुराव्याने भिडणे आम्हाला नेहमीच अधिक मोलाचे वाटते.

वस्तुतः सरकारी कागदच बोलत होते. १८६१ च्या कायद्याने पलटणीचा धर्मगुरू ख्रिस्तीच असावा लागे. तो कायदा जुलै १८६२ मध्ये बदलावा लागला. फौजेत ज्यू नव्हते, तर हा बदल कोणासाठी? त्याच वर्षी १७ डिसेंबरला जनरल ग्रँट यांनी आपल्या अखत्यारीतील मुलखातून सरसकट सर्व ज्यूंना हद्दपार करण्याचा हुकूम काढला. चोरटा व्यापार काही जणांचा, शिक्षा संपूर्ण जमातीला! पडूका गावचे सीझर कास्केल थेट लिंकन यांच्यापर्यंत पोहोचले आणि जानेवारी १८६३ मध्ये हुकूम रद्द झाला. याच जमातीची माणसे आपल्या सैन्यात लढत आहेत, हे कारण पुढे सरसेनापती हॅलेक यांनी लेखी कळवले. (याच ग्रँट यांनी राष्ट्राध्यक्ष झाल्यावर वुल्फ यांना दस्त नोंदणीचे पद दिले. इतिहास असा सरळ रेषेत चालत नाही.)

मात्र वुल्फ यांची यादी निर्दोष नव्हती. भरतीच्या कागदांत धर्माचा रकाना नव्हता. नावावरून ओळखावे, तर जर्मन आडनाव ख्रिश्चनाचेही असे आणि अब्राहम, आयझॅक ही नावे प्रॉटेस्टंट घरांत सर्रास ठेवली जात. काही ज्यू तर वेगळ्याच नावाने भरती झाले. त्यामुळे परके आत आले, आपले बाहेर राहिले. २००९ पासून शॅपेल प्रतिष्ठानाने हे एकेक नाव पुन्हा तपासायला घेतले. निवृत्तिवेतनाच्या फायली, थडग्यांवरचे लेख, सिनेगॉगच्या नोंदी, घरी पाठवलेली पत्रे लावून पाहिल्यावर अनेक नावे गळली, तशी नवी सापडलीही. २०२२ मध्ये अ‍ॅडम मेंडेलसन यांचा उत्तरेच्या फौजेतील ज्यू सैनिकांवरचा ग्रंथ याच सामग्रीच्या आधारे आला.

स्वतःच्या समाजाच्या गौरवाची यादी स्वतःच छाटायला काळीज लागते. भावना दुखावतील म्हणून चुकीचे नाव ठेवले, की उलटतपासणीत तेवढ्या एका नावावर खरी हजार नावे संशयास्पद ठरतात.

दक्षिणेच्या नावांचा प्रश्न याहून अवघड. रिचमंडच्या हिब्रू दफनभूमीत दक्षिणेच्या ज्यू सैनिकांचा स्वतंत्र भाग आहे. दक्षिणेच्या मंत्रिमंडळातले जूडा बेंजामिन ज्यू होते आणि त्यांनी स्वतः गुलाम बाळगले होते. ज्यांचे पूर्वज इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याची आठवण दरवर्षी जागवतात, त्यांच्यातलेच काही जण गुलामगिरीच्या राज्यासाठी लढले. ही नावे यादीतून वगळावीत असे आम्ही म्हणणार नाही. ती राहू द्यावीत, फक्त ते कशासाठी लढले हेही त्यांच्यासमोर लिहावे.