पिवळा बेडूक आणि फवारणीचा पंप

मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला म्हणजे तळ्याच्या कांठीं हळदीसारखे पिवळे बेडूक जमून मोठा गलबला करितात. ते विषारी असावेत, असें समजून कित्येक गांवीं मुलें त्यांस दगड मारितात व वडील माणसें पाहत राहतात. हा निव्वळ गैरसमज होय. एरवीं बांधावर दिसणारा, शेवाळी रंगाचा, काळसर ठिपक्यांचा व बहुधा पाठीवर मधोमध फिकट रेघ असलेला जो मोठा बेडूक, त्याचाच हा नर. ओरडतांना त्याच्या गळ्याच्या दोहों बाजूंस निळ्या पिशव्या फुगतात. विणीचा काळ सरला कीं हा पिवळा रंग उतरतो. कोरड्या, चामखिळींच्या अंगाचा भेक तो निराळा.

मादी उथळ पाण्यांत हजारों अंडीं घालते. थोड्याच दिवसांत त्यांतून शेपटीचे बेडूकमासे निघतात. हे कल्ल्यांनीं श्वास घेतात, डांसांच्या अळ्या खातात आणि प्रसंगीं आपल्याच भावंडांसहि सोडीत नाहींत. पुढें प्रथम मागले पाय फुटतात, मग पुढले, आणि शेवटीं शेपूट अंगांतच जिरून जातें. ह्या फेरबदलास महिनाभर किंवा थोडा अधिक अवधि लागतो.

नेमक्या ह्याच महिन्यांत आपण फवारणीचा पंप तळ्यांत विसळतों! बेडूकमाशांचें अंग नाजूक. औषध कातडींतून व कल्ल्यांतून सरळ आंत जातें. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद असते, झाडांची असते. किडे, खेकडे, उंदीर खाणाऱ्या ह्या बिनपगारी चाकराची कोठेंच नाहीं. बेडकांच्या तंगड्यांचा परदेशी व्यापार सरकारनें १९८७ सालीं बंद केला, तो त्यांची संख्या घटूं लागली म्हणून. परक्यांस दोष देणें सोपें असतें. आपल्या पंपाचें काय, तें आपणच पाहिलें पाहिजे. पंप तळ्यापासून दूर, पडीक जागीं धुवावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यांच्या कडा उभ्या व गुळगुळीत असतात. आंत पडलेल्या जिवास वर येतां येत नाहीं. तेथें जुन्या गोणपाटाची एक लांब पट्टी कांठास बांधून पाण्यांत सोडावी. खर्च कांहींच नाहीं.