दुपारी तीनचे पाणी

मत्स्यटाक्यांचे सांडपाणी सूक्ष्मशैवालाने शुद्ध करायचे म्हटले की पहिला युक्तिवाद ठरलेला असतो : आपल्याकडे ऊन मुबलक, थंडी नावापुरती, मग शैवाल जोमाने वाढणारच. यातले उन्हाचे खरे. उष्णतेचे अर्धेच खरे. क्लोरेला व्हल्गारिस ही सूक्ष्मशैवालाची जात साधारण २५ ते ३० अंशांत चांगली वाढते. त्याखाली वाढ हळूहळू मंदावते. पस्तिशी ओलांडली की मात्र कड्यावरून पडावी तशी कोसळते. प्रकाशसंश्लेषण विस्कटते, श्वसन वाढते, पाण्यात कार्बन डायऑक्साइडही कमी विरघळतो. म्हणूनच नोंदवहीतली सरासरी फसवी. पहाटे २४ आणि दुपारी ३८ अंश यांची सरासरी ३१, कागदावर उत्तम. वीतभर खोलीच्या हौदात असा चढउतार सहज घडतो. बंद पारदर्शक नळ्यांत त्याहून लवकर, कारण तिथे बाष्पीभवनाने पाणी निवत नाही.

यावर जाणकार म्हणतील, मे महिन्यातही पाणी तपासायच्या किटवर अमोनिया उतरलेला दिसतो, मग बिघडले कुठे? उतरतो खरा, पण गेला कुठे? शैवालाने दिवसभर कार्बन डायऑक्साइड ओढला की पीएच चढतो. पीएच ९ असताना २५ अंशांवर एकूण अमोनियापैकी सुमारे ३६ टक्के मुक्त अमोनिया असतो, ३५ अंशांवर निम्म्याहून थोडा अधिक. त्यातला बराच हवेत उडतो. उरलेला माशांना आणि खुद्द शैवालालाही विषारी. हंडा गळला म्हणून पाणी वापरले गेले, असे कोणी म्हणत नाही. फॉस्फेटवरही विसंबू नये, चढ्या पीएचला ते कॅल्शियमबरोबर तळाशी बसते. आठवड्याला किती शैवाल गाळून, वाळवून हाती आले, हाच हिशेब खरा.

पाणी थंड करणे परवडत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण चिलर हवा कशाला? भर दुपारचा प्रकाश शैवालाला पेलवेल त्यापेक्षा जास्तच असतो, त्यामुळे तेवढ्या वेळेपुरती शेडनेट ओढली तर वाढीचे फारसे नुकसान नाही. पातळी वाढवली की पाणी उशिरा तापते, मात्र तळाला उजेड मिळावा म्हणून ते सतत ढवळावे लागते. जात बदलणे सर्वांत स्वस्त : क्लोरेला सोरोकिनियाना ३८ अंशांच्या आसपासही वाढते. स्पायरुलिनालाही ऊब मानवते, पण तिला सोडा घातलेले अल्कधर्मी पाणी लागते आणि बचत तिथेच संपते. कोकण किनाऱ्यावर जमलेली जात विदर्भातल्या मे महिन्यात चालेलच असे नाही. म्हणून नोंदवहीत सरासरीशेजारी कमाल तापमानाचा रकाना हवा, आणि तापमापक सकाळी खाद्य टाकताना नव्हे तर दुपारी तीनला, सावली नसलेल्या कोपऱ्यात बुडवायला हवा.