नांदायला पाठवणारे हात आधी रोखा!

अंकुशनगरच्या साखर कारखान्याचा बॉयलर पेटला की अंबड तालुक्यात उसाच्या फडांकडेला तोडणी मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. अशाच एखाद्या कोपीतून मार खाल्लेली बाई रात्रीच लेकराला काखेत घेऊन निघून गेली, तर सकाळी तिचा माग कोण काढतो? पोलीस? नाही! नवरा आणि मजूर पुरवणारा मुकादम. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या जोडीवर दिलेली. जोडी मोडली की हिशेब मोडतो. तिच्या पाठीवरचे वळ कुठल्याच वहीत चढत नाहीत, उचलीची बाकी मात्र पै-पैशानिशी चढते. 1976 च्या कायद्याने वेठबिगारी गाडली म्हणे! मग नवऱ्याने खर्चलेल्या उचलीपोटी बायकोला फडात ओढून आणणे याला दुसरे नाव काय?

माहेरी पोचली, तर तिथे पंच बसलेले. "पदरात लेकरं हायेत, नांदून घे." या एका वाक्याने किती लेकींचे जीव घेतले, याचा जाब या पंचांना कुणी विचारला? बाई घर सोडते तेव्हा धोका सरत नाही, उलट वाढतो. ताबा सुटलेला नवरा सुडाने पेटतो. अशा वेळी मध्यस्थ म्हणून मिशीला पीळ देत तिचा ठावठिकाणा सांगणारा माणूस गुन्ह्यातला भागीदार आहे, असे आम्ही ठणकावून सांगतो.

कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. आसरा घेतलेल्या गावीही अर्ज करता येतो. पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत, निकाल 60 दिवसांत व्हावा, असे कायदाच म्हणतो. संरक्षणाचा आदेश मोडणाऱ्याला वर्षापर्यंत कैद आहे. छळाची फिर्याद माहेरच्या ठाण्यातही चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्येच सांगितले. तरी "तुमच्या हद्दीत जा" म्हणणारा ठाणे अंमलदार कुणाची चाकरी करतो?

आणि सुटली म्हणजे बरी झाली, हा भ्रम सोडा. मोटारसायकलचा आवाज आला तरी तिचा घास घशात अडकतो, झोप लागत नाही. तिला वेळ द्या, दवाखाना द्या. 14416 या टेलिमानस क्रमांकावर बोलायला फोन आणि आडोसा द्या. कागदपत्रे तिच्या हाती हवीत, फोनचे लोकेशन बंद हवे, मुलांना कोण नेऊ शकते हे शाळेला ठाऊक हवे. 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करणाऱ्या बाईला तडजोडीचे धडे देणारा समुपदेशक तर आम्हाला दाराशीही नको!

1988 मध्ये संगमनेरात निशा शिवूरकरांच्या पुढाकाराने नवऱ्यांनी टाकलेल्या बायका मान वर करून एकत्र आल्या. त्यानंतरही सत्ताधाऱ्यांना जाग येत नसेल, तर ती आणावी लागेल. पुढच्या गळीत हंगामाआधी प्रत्येक साखर कारखान्याने तोडणीवाल्या बाईचे नाव स्वतंत्र नोंदवावे, तिची मजुरी तिच्याच खात्यात टाकावी आणि नवऱ्याच्या उचलीसाठी तिच्या दारात जाणाऱ्या मुकादमाचा करार त्याच दिवशी रद्द करावा.