साक्ष हवी, सत्य नको?

आपल्या धर्मग्रामांत ‘साक्ष’ या शब्दाला मोठा मान आहे. प्रार्थनासभेत, आध्यात्मिक शिबिरात, चर्चच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत कोणीतरी आपल्या आयुष्यातील दुःखाची कहाणी सांगतो आणि आपण भाविकतेने ऐकतो. या कहाणीचा साचा मात्र ठरलेला असतो: संकट आले, प्रार्थना केली, संकट टळले. अशी साक्ष देणाऱ्यांच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. शंका आहे ती आपल्या कानांविषयी. ज्यांचे संकट टळले नाही, त्यांना आपण कधी ध्वनिक्षेपकापुढे बोलावले आहे काय? ज्या स्त्रीने जपमाळ ओढता ओढता मुलगा गमावला, ज्या पुरुषाने नोकरीबरोबर घरातला मानही गमावला, त्यांच्या तोंडून आपण काय ऐकू इच्छितो? माझे स्पष्ट म्हणणे असे आहे की, दुःखिताने तोंड उघडण्यापूर्वीच त्याने काय बोलावे हे आपण ठरवून टाकलेले असते. याला श्रवण म्हणत नाहीत. ही आपल्या समाधानासाठी करून घेतलेली पाठांतराची परीक्षा आहे.

आमच्या परिसरात अशी माणसे नाहीत, असे म्हणण्याचा अधिकार गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथे राहणाऱ्या आपणांपैकी कोणालाही नाही. 1854 मध्ये ताडदेवला मुंबईतील पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला गेला आणि त्यानंतरची शंभराहून अधिक वर्षे या भागाचे दिवसरात्र गिरणीच्या भोंग्याने बांधलेले होते. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. तो संपला तो माणसे संपत गेल्यामुळे. कोणी कोकणात, कोणी घाटावर परतले. कोणी भाजीची टोपली घेऊन पदपथावर बसले. कोणी खाटेवरून उठलेच नाहीत. गिरण्यांच्या जमिनींवर पुढे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. ज्या गल्लीतून पाळी सुटलेले कामगार घरी जात, त्या गल्लीत आता गाड्या लावायला जागा मिळत नाही. त्या वेळी पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या घरात आहे. त्याची पत्नीही आहे, असलीच तर. पुढच्या दहा वर्षांत हे कंठ कायमचे बंद होणार आहेत.

इतरांनी या कंठांची दखल घेतली. मीना मेनन आणि नीरा आडारकर या दोघींनी गिरणगावातील वस्त्यांत फिरून, शंभराच्या आसपास माणसांशी बोलून, त्यांच्याच शब्दांत गिरणगावचा इतिहास सिद्ध केला. तो ग्रंथ 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. जयंत पवार यांनी ‘अधांतर’ या नाटकात लालबागच्या एका गिरणी कामगाराचे कोसळते घर रंगमंचावर आणले. नारायण सुर्वे तर स्वतःच या वस्तीचे अपत्य: एका गिरणी कामगाराने उचलून वाढवलेले अनाथ मूल पुढे 1995 साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. या सर्वांनी कामगाराला देव्हाऱ्यात बसवले नाही. त्याचा राग, त्याची दारू, त्याची एकजूट, त्याची फसगत हे सारे त्यांनी राहू दिले, म्हणूनच ते खरे वाटते.

यात आपली माणसे कोठे आहेत? सावंतवाडीकडून, वसईकडून, गोव्याकडून आलेले कॅथॉलिक स्त्रीपुरुष याच शहरात राबले. गिरणगावात जसा एका गावच्या कामगारांचा सामाईक गाळा असे, तसाच गिरगाव-धोबीतलावाच्या बाजूला गोव्याच्या एकेका गावाचा कूड असे. जहाजावर जाणारा खलाशी आपली ट्रंक तेथे ठेवून निघे. जे मागे असत ते संध्याकाळी वेदीपुढे जपमाळ म्हणत. परक्यांच्या घरी आया म्हणून दुसऱ्यांची मुले वाढवणाऱ्या आणि स्वतःची मुले गावी आजीकडे ठेवणाऱ्या आपल्या बायांचे काय? कुडांच्या सणांविषयी आपल्याकडे कौतुकाने लिहिले जाते. आठ महिन्यांनी परतलेल्या खलाशाला त्याचे मूल ओळखत नसे तेव्हा त्याला काय वाटे, हे मात्र कोणी त्याला विचारून लिहून ठेवल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

येथे मला माझाच गुन्हा कबूल केला पाहिजे, कारण तो लपवून इतरांना दोष देणे शोभणार नाही. काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामाच्या महोत्सवी स्मरणिकेच्या संपादक मंडळावर मी होतो. लालबागच्या एका चाळीतील वृद्ध मावशींची मुलाखत घेण्याचे काम माझ्याकडे आले. त्यांचे यजमान गिरणीत सांचेवाले होते. दोन दुपारी त्या बोलल्या आणि मी वहीत उतरवून घेतले. संपापूर्वी त्या घरीच सात-आठ पुरुषांची खानावळ चालवीत. संप लांबला, जेवणारे गावी गेले, खानावळ बंद पडली. लग्नाची अंगठी विकली. थोरल्या मुलाने सातवीतून शाळा सोडली. मावशी दादरला धुणीभांडी करू लागल्या. मग त्या म्हणाल्या, “रविवारी मिस्सेला जायची लाज वाटे, बाबा. पोरांना धड कपडे नव्हते. दोन वर्षे आम्ही कोणाला दिसलो नाही, पण कुठे गेलात म्हणून विचारायला आमच्या दारात कोणी आले नाही. शेजारणीने तांदूळ दिले. ती आपल्यातली नव्हती. त्या दोन वर्षांत मी देवाशी बोलले नाही. नंतर बोलायला लागले, ते भांडायला.”

हे सारे मंडळापुढे आले. कोणी म्हणाले, याने धर्मग्रामाची बदनामी होईल. कोणी म्हणाले, देवाशी भांडणे हे उत्सवाच्या अंकात बरे दिसत नाही. मी वाद घातला नाही. लेखणी माझ्याच हातात होती आणि ती वाक्ये मीच खोडली. छापून आले ते असे की, संपाच्या कठीण काळात अढळ श्रद्धेच्या बळावर त्यांनी संसार सावरला. अंक घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. मुलीने मजकूर वाचून दाखवला. मावशींनी शांतपणे ऐकून घेतले आणि मला विचारले, “ही बाई कोण रे, बाबा?”

त्या आता हयात नाहीत. अंक छापून झाल्यावर ती वहीही रद्दीत गेली. वर लिहिले ते आठवणीतून. जे आठवत नाही ते कायमचे गेले, आणि ते मी घालवले.

आता कोणी म्हणेल की, श्रद्धा बळकट व्हावी म्हणूनच आपण असे संपादन करतो. मग शुभवर्तमान उघडून पाहू या. संत मार्कच्या पाचव्या अध्यायात याईर हा सभास्थानाचा अधिकारी प्रभूच्या पाया पडला आहे. त्याची मुलगी मरणोन्मुख आहे. एक क्षणही दवडता येण्यासारखा नाही. वाटेत बारा वर्षे रक्तस्रावाने गांजलेली, वैद्यांपायी सर्वस्व गमावलेली एक स्त्री गर्दीतून त्याच्या वस्त्राला स्पर्श करते. ती बरी झालीच होती. प्रभूला पुढे निघून जाता आले असते. पण तो थांबला. शिष्य कुरकुरले तरी थांबला. ती थरथरत पुढे आली आणि तिने त्याला सर्व काही खरेखरे सांगितले. बारा वर्षांची ती हकिकत थोडक्यात खचितच आटोपली नसेल. तेवढ्यात याईरच्या घरून मुलगी गेल्याचा निरोपही आला. म्हणजे ऐकण्याची किंमत होती, आणि ती किंमत प्रभूला ठाऊक होती. आमच्या स्मरणिकेला मात्र तीन वाक्यांची किंमत परवडली नाही.

जुन्या करारातील ईयोबाचे मित्र आठवा. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ मूकपणे बसले, तोवर ते मित्र होते. तोंड उघडून ते देवाची बाजू सावरू लागले तेव्हा सारे बिघडले. ग्रंथाच्या शेवटी परमेश्वराचा कोप कोणावर झाला? तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर देवाचे वकीलपत्र घेतलेल्या या मित्रांवर. आपल्या किती संपादक मंडळांनी हे पान नीट वाचले आहे?

मराठी ख्रिस्ती साहित्याची परंपरा तरी काय सांगते? लक्ष्मीबाई टिळकांचा पंथ आपल्याहून वेगळा, पण ‘स्मृतिचित्रे’चा वारसा आपलाही आहे. पतीच्या धर्मांतराने झालेली ताटातूट, त्यांचा तापट स्वभाव, स्वतःच्या मनातील सोवळे-ओवळे यांतले काहीही लक्ष्मीबाईंनी झाकले नाही. त्यामुळे ना टिळकांची थोरवी कमी झाली, ना ख्रिस्ताची. वाचकाचा विश्वास बसतो तो याच मोकळेपणामुळे. मग त्याच भाषेत लिहिणाऱ्या आपण इतके भित्रे का व्हावे?

या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील आणि ते टाकाऊ नाहीत. पहिला असा की, मनातले बोलण्यासाठी प्रायश्चित्त संस्कार आहे; चव्हाट्यावर बोलण्याचे काय कारण? पण आपले पाप आपण प्रायश्चित्त संस्कारात सांगतो. आपल्यावर झालेला अन्याय सांगण्याची ती जागा नव्हे. मावशींनी कोणते पाप केले होते, की त्यांनी ते गुडघे टेकून सांगावे? सांगायचे होते ते आपल्याला, आणि निवेदन करायचे होते तर ते आपण. दुसरा आक्षेप अब्रूचा. चाळीत, धर्मग्रामात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही आणि सांगणाऱ्याच्या मुलाबाळांना त्रास होतो. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच सांगणाऱ्याची संमती, हवे असल्यास नाव गुप्त ठेवणे आणि नको ते वाक्य काढून घेण्याचा त्याचा अधिकार ही पथ्ये पाळलीच पाहिजेत. मात्र तो अधिकार सांगणाऱ्याचा आहे, संपादकाचा नव्हे. माझ्या मावशींना काहीही लपवायचे नव्हते. लपवायचे होते ते आम्हाला.

ख्रिस्तसभेला हे जमत नाही असेही नाही. ग्वाटेमालात तीन दशकांहून अधिक काळ चाललेल्या यादवीनंतर तेथील बिशप हुआन हेरार्दी यांच्या पुढाकाराने धर्मग्रामांतील साधे कार्यकर्ते खेडोपाडी फिरले आणि पाच हजारांहून अधिक साक्षी त्यांनी लिहून घेतल्या. त्या साक्षींत संकट टळल्याच्या गोष्टी नव्हत्या. कोणी, कोठे, कोणाला मारले याच्या होत्या. 24 एप्रिल 1998 रोजी राजधानीच्या कॅथीड्रलमध्ये तो चार खंडांचा अहवाल बिशपांनी जाहीर केला. दोनच दिवसांनी, 26 एप्रिलच्या रात्री, त्यांचा त्यांच्या निवासस्थानी निर्घृण खून झाला. खऱ्या साक्षीची सत्ताधाऱ्यांना किती धास्ती असते, ते यावरून दिसते. आपल्याला तर कोणाच्या बंदुकीला तोंड द्यायचे नाही. उत्सव समितीच्या नाराजीला तेवढे तोंड द्यायचे आहे.

पोप फ्रान्सिस यांनी 2021 मध्ये सिनडची वाटचाल आरंभिली तेव्हा श्रवण हाच तिचा प्राण असल्याचे सांगितले होते. ते 21 एप्रिल 2025 रोजी प्रभुघरी गेले. त्या निमित्ताने झालेल्या ज्या बैठकांना मी बसलो, तेथे दरवेळी तेच दहा-बारा जण होते: नेहमी चर्चमध्ये दिसणारे, नेहमी बोलणारे, माझ्यासारखेच. जे दिसत नाहीत त्यांच्याविषयी आम्ही पुष्कळ बोललो. त्यांच्या दाराशी मात्र कोणी गेले नाही. 1982 मध्येही हेच झाले होते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. या भागातील प्रत्येक धर्मग्रामाने दोन-तीन शांत स्वभावाची माणसे निवडावीत. शक्यतो त्यांत एक स्त्री आणि एक तरुण असावा. त्यांनी वृद्धांच्या घरी जावे, चहा घ्यावा आणि ऐकावे. उपदेश करू नये, मधेच बायबलचे वचन सुचवू नये, शेवट गोड व्हावा म्हणून प्रश्न वळवू नये. जे सांगितले जाईल ते सांगणाऱ्याच्या बोलीत, मालवणी असो वा कोकणी वा वसईची, तसेच उतरवावे. ते सांगणाऱ्याला पुन्हा वाचून दाखवावे. आणि ती वही जन्म-विवाहाच्या नोंदवहीइतक्याच काळजीने जपावी. या त्रैमासिकाने त्यांतील एखादी तरी कहाणी प्रत्येक अंकात न छाटता छापावी. एखाद्या कहाणीत आपल्यावर ठपका असेल, तर तो आपण वाचावा. प्रायश्चित्ताची सुरुवात तेथूनच होते.

आणि वाचकहो, समिती नेमली जाईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. आपल्याच मजल्यावर, आपल्याच घरात पलंगावर पडून असलेले कोणीतरी आहे. या रविवारी मिस्सेनंतर त्यांच्याजवळ बसा, त्या वर्षी काय झाले ते विचारा, आणि मग गप्प राहा. त्यांनी सांगितले ते आपल्याला आवडले नाही, तरी खोडू नका.